एका पराभवाची साक्ष

अमेरिकेतील फुटबॉलमध्ये चेंडू हातांनी फेकतात आणि चढाईची सारी सूत्रे 'क्वार्टरबॅक' नामक एकाच खेळाडूकडे असतात. पेटन मॅनिंग हा त्यांतील अग्रगण्य. २०१३ च्या हंगामात साखळी सामन्यांतच त्याच्या ५५ फेकींवर 'टचडाउन' झाले. हा उच्चांक होय. परंतु २ फेब्रुवारी २०१४ रोजी, अजिंक्यपदाच्या सामन्यात, सिॲटलने त्याच्या डेन्व्हर संघाला ४३-८ असे धुळीस मिळविले, आणि या पुरुषाला थोर म्हणावे काय, असा वाद माजला.

आम्हां वकिलांना आधी पुरावा पाहण्याची खोड. त्या दिवशी पहिलाच चेंडू सहकाऱ्याने मॅनिंगच्या डोक्यावरून मागे भिरकावला. बारा सेकंदांत प्रतिपक्षाला दोन गुण मिळाले. हा दोष त्याचा नव्हे. मात्र त्याच्या दोन फेकी प्रतिपक्षाने मध्येच झेलल्या, आणि एक घेऊन मॅल्कम स्मिथ ६९ यार्ड धावत गेला. येथे आम्ही त्याची वकिली करणार नाही.

पण पुढे काय घडले? २०१५ च्या हंगामात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, साखळीत त्याच्या ९ फेकी 'टचडाउन'ला पोहोचल्या, तर १७ प्रतिपक्षाच्या हाती गेल्या. तरीही ७ फेब्रुवारी २०१६ रोजी डेन्व्हरने कॅरोलायनाला २४-१० असे हरविले, तेही मुख्यतः बचावफळीच्या बळावर. ज्यांना तो पराभव कलंक वाटतो, त्यांना त्याच न्यायाने ही कीर्तीही त्याच्याच पदरात घालावी लागेल.

देवळात फलाशेवरील कीर्तन ऐकून मान डोलावणारे आपणही दावा हरलेल्या वकिलाची पायरी पुन्हा चढत नाही. तेव्हा अमेरिकेतील प्रेक्षकांना आम्ही फारसा बोल लावू शकत नाही.