विचारणे म्हणजे कमीपणा नव्हे

ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हिजरत करून मदीनेत आले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ह. साद बिन रबीअ (रजि.) यांच्याशी त्यांचे बंधुत्व जोडले. ह. साद यांनी अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी दुआ देऊन केवळ बाजाराची वाट विचारली. विचारण्यात कमीपणा मानला नाही.

आज कोकणातून आखातात गेलेला आपला मुलगा, पगार थकला, मन खचले, तरी फोनवर ‘सर्व खैरियत’ म्हणतो. असे मौन म्हणजे सब्र नव्हे. तेथे गावकऱ्यांची जमात आहे, भारतीय दूतावासाची हेल्पलाइन आहे. निराधारास मायदेशी परतता यावे म्हणून २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधीही आहे. निघण्यापूर्वीच दूतावासाचा क्रमांक त्याच्या हाती द्या आणि पैशांआधी त्याचे हाल विचारा. अल्लाह त्याची वाट सुकर करो. आमीन.