पोटनिवडणूक आणि मताचा अर्थ

एखादा प्रतिनिधि निधन पावला अथवा त्यानें राजीनामा दिला, म्हणजे त्याची रिकामी जागा भरण्याकरितां त्याच मतदारसंघांत जी निवडणूक होते तिला आपण पोटनिवडणूक म्हणतों. नांवावरूनच तिचें दुय्यमत्व ध्वनित होतें. परंतु सार्वत्रिक निवडणुकीच्या गर्दींत सहसा दृष्टीस न पडणारा एक नैतिक प्रश्न फ्रान्सच्या इतिहासांत या दुय्यम निवडणुकीनेंच उघडा केला आहे. मतदारास विचारलेला प्रश्न एक आणि त्यानें दिलेलें उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचें, असें झालें असतां त्या मतास प्रामाणिक मत म्हणावें काय?

१८७९ सालच्या एप्रिल महिन्यांत बोर्दो येथील पोटनिवडणुकींत ऑग्युस्त ब्लांकी हा वृद्ध क्रांतिकारक निवडून आला. तो त्या वेळीं तुरुंगांत होता, आणि कायद्यानें तो निवडणुकीस पात्रच नव्हता. प्रतिनिधिसभेनें ती निवड रद्द केली. पण जून महिन्यांत सरकारला त्याची सुटका करावी लागली. पुढें त्याच जागेसाठीं पुन्हां मतदान झालें, तेव्हां मोकळा झालेला ब्लांकी मात्र पराभूत झाला! १८९१ सालीं असाच प्रकार लील येथें घडला. त्या वर्षीं मे महिन्याच्या पहिल्या तारखेस फुर्मी गांवीं सैनिकांनीं जमावावर गोळीबार केला होता. त्या प्रकरणीं चिथावणीच्या आरोपावरून शिक्षा भोगीत असलेला पॉल लाफार्ग (हा कार्ल मार्क्सचा जांवई) नोव्हेंबरांत निवडून आला आणि बंधमुक्त झाला.

या मतदारांस विचारलें होतें, ‘तुमचा प्रतिनिधि कोण?’ त्यांतील अनेकांनीं उत्तर दिलें, ‘या माणसास सोडा.’ आमच्या मतें यांत अप्रामाणिकपणा नाहीं. त्या मताचा अर्थ देणारास, घेणारास आणि ज्या सरकारास तें ऐकवावयाचें होतें त्या सरकारासही एकसारखाच कळत होता. आणि जागा रिकामी राहिल्यास होणारी हानि मतदार स्वतःच सोसणार होते.

जनरल बूलांजे याचें प्रकरण इतकें सोपें नाहीं. १८८५ च्या कायद्यान्वयें संपूर्ण जिल्हा हाच एक मतदारसंघ झाला होता. त्यामुळें एक सभासद वारला तरी साऱ्या जिल्ह्याचा कौल घ्यावा लागे. शिवाय एकाच मनुष्यानें वाटेल तितक्या ठिकाणीं उभें राहण्यास मनाई नव्हती. १८८८ च्या मार्चमध्यें सैन्यांतून निवृत्त केलेल्या या सेनापतीनें नेमकी हीच फट हेरली. एप्रिलांत तो दोर्दोन्य व नोर या दोन जिल्ह्यांत निवडून आला. जुलैंत त्यानें राजीनामा दिला, आणि दुसऱ्याच दिवशीं मुख्य प्रधान फ्लोके याच्याशीं द्वंद्वयुद्ध करून मानेस जखम करून घेतली. साठीच्या वकिलानें सेनापतीस जखमी करावें, हा विनोद पॅरिसला विसरणें कठीणच होतें! त्याच महिन्यांत आर्देशमध्यें तो हरला. परंतु १९ ऑगस्ट रोजीं एकाच दिवशीं तीन जिल्ह्यांनीं त्यास निवडून दिलें. त्यांत नोर होताच. म्हणजे जी जागा त्यानें पांच आठवड्यांपूर्वी टाकून दिली, तीच त्यानें पुन्हां मागितली आणि मतदारांनीं ती पुन्हां दिली.

आतां येथें फसवणूक कोणाची झाली? नोरचे मतदार तर राजीखुषीनें गेले होते. यावर कोणी म्हणेल कीं, ब्लांकीस मत देणारांस जो न्याय लावला तोच यांसही लावा. परंतु ब्लांकीस दिलेल्या मतांतून एकच मागणी निघत होती. बूलांजेची घोषणा होती संसदेचें विसर्जन, राज्यघटनेची फेररचना आणि नवी घटनासमिति; फेररचना कसली, हें मात्र ज्याचें त्यानें समजून घ्यावें! राजपक्षीयांनीं तींत राजाचें पुनरागमन वाचलें. उझेची डचेस ही सरदारीण त्याच्या प्रचारास पैसा पुरवीत होती तो याच आशेनें. पॅरिसच्या कामगारांनीं त्याच घोषणेंत श्रीमंतांच्या प्रजासत्ताकाचा अंत वाचला. परस्परांचे वैरी एकाच पेटींत मतें टाकीत होते, आणि त्या साऱ्यांच्या बेरजेचा अर्थ सांगण्याचा मक्ता एकट्या सेनापतीकडे होता. मतदारानें आपल्या मतांत अधिक अर्थ भरावा हें आम्हांस मान्य आहे. उमेदवारानें तें कोऱ्या हुंडीसारखें गोळा करून तिच्यावर पुढें हवा तो आंकडा घालावा, हें नाहीं.

२७ जानेवारी १८८९ रोजीं पॅरिसच्या पोटनिवडणुकींत त्यास सुमारें २,४५,००० मतें पडलीं. प्रतिस्पर्धी झाक यास सुमारें १,६२,०००. त्या रात्रीं अनुयायी अध्यक्षांच्या प्रासादावर चालून जाण्याचा आग्रह करीत होते; तो गेला नाहीं. त्याच्या शत्रूंनीं मात्र वेळ दवडला नाहीं. फेब्रुवारींत एकसदस्य मतदारसंघ पुन्हां आणण्यांत आले व जुलैंत एकाहून अधिक ठिकाणीं उभें राहण्यास बंदी झाली. तो स्वतः एप्रिलांतच ब्रसेल्सला पळाला होता. तेथें १८९१ सालीं आपल्या प्रेयसीच्या थडग्यावर त्यानें आत्महत्या केली.

बंदीचा हा कायदा आम्हांस न्याय्य वाटतो. तथापि १९५८ च्या राज्यघटनेनें याहून पुढें जाऊन जो उपाय केला, त्याविषयीं आमचें मन साशंक आहे. आपल्याकडे मंत्र्यास सभासद असावें लागतें. तेथें उलट, मंत्री झालेल्यानें सभासदत्व सोडावें लागतें. अशा वेळीं वारंवार मतदान नको म्हणून उमेदवाराबरोबरच त्याच्या बदली उमेदवाराचेंही नांव मतपत्रिकेवर छापलें जातें. मृत्यु झाला अथवा मंत्रिपद मिळालें, कीं जागा त्या बदलीकडे जाते. स्वेच्छेच्या राजीनाम्यास अथवा निवडणूक रद्द झाल्यास पोटनिवडणूक बहुधा अजूनही होते. मुदतीच्या शेवटच्या बारा महिन्यांत तीही नाहीं. पूर्वी पदच्युत मंत्र्यास आपली जागा परत हवी असल्यास बदली सभासदानें राजीनामा द्यावा आणि मतदारांचा पुन्हां कौल घ्यावा लागे. दोघांतील हा खाजगी करार फारसा शोभादायक नव्हता, पण शेवटचा शब्द मतदाराचा असे. २००८ च्या घटनादुरुस्तीनें तेंही उरलें नाहीं. मंत्रिपद गेल्यावर महिन्याभरानें ती जागा आपोआप मूळ सभासदाकडे परत येते, आणि मधल्या काळांत मंत्री म्हणून त्यानें जें केलें त्याविषयीं त्याच्या मतदारांस कोणी कांहीं विचारीत नाहीं.