जिभेचे देणे

आज विषय शेजारच्या घरचा घेतो, रागावू नका. ख्रिस्ती धर्माच्या दहा आज्ञांत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, अशी एक आज्ञा आहे. आपण म्हणू, यात नवे ते काय? हे तर पोरही जाणते! पण थांबा. कॅथलिक पंथाने या एका आज्ञेचा पुरा कीस काढला आहे. १९९२ साली निघालेल्या त्यांच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, खोटा आळ घेणे हे पाप तर आहेच. पण दुसऱ्याचा खरा दोषसुद्धा, योग्य कारण नसता, ज्याला तो ठाऊक नाही त्याला सांगणे हेही पापच म्हटले आहे. आता बोला! 'मी काय खोटं सांगतोय?' हे आपले चावडीवरचे ब्रह्मवाक्य तिथे चालत नाही.

पुढचे तर याहून कठीण. धर्मगुरूपाशी पाप कबूल केले, क्षमा मिळाली, तरी देणे फिटत नाही. ज्याचे नाव घालविले त्याची भरपाई करावीच लागते. उघड जमेना तर गुपचूप, पण करावी लागते.

हे वाचले आणि मला माझेच एक कीर्तन आठवले. एका माळकऱ्याची जुनी चूक दृष्टांतात घालून मी मंडळींना पोटभर हसविले होते. नाव घेतले नव्हते. पण गावाला नाव कशाला लागते? गोष्ट खरीच होती. तो मागे खांबाशी बसला होता. उठून गेला, तो पुन्हा दिंडीत आला नाही. मी देवापुढे नाक घासले. त्याच्या दारी मात्र गेलो नाही.

येत्या एकादशीच्या आत जायचे आहे.