कात्री कुणाच्या हातात?

दोन तासांची मुलाखत पाच मिनिटांत बसवायची, तर काय ठेवायचं आणि काय टाकायचं? एरवी हा साधा हिशेब. पण बोलणारी बाई छळछावणीतून जिवंत परतलेली असेल आणि कापणारं पोर पंधरा वर्षांचं असेल, तर तो नीतीचा प्रश्न होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंना मारलं. त्यांत १५ लाखांच्या आसपास मुलंच होती. वाचलेल्यांचं बोलणं जपण्यासाठी स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत शोआ फाउंडेशन काढलं. तिथे आज ५० हजारांहून जास्त मुलाखती आहेत. त्यांतल्या कित्येक 'आयविटनेस' या संकेतस्थळावर शाळकरी मुलांना पाहता येतात. मुलं त्यांतले तुकडे निवडून स्वतःचे छोटे माहितीपट तयार करतात.

कुणी म्हणेल, दुसऱ्याचं दुःख असं मुलांच्या हाती द्यावं का? शंका रास्त आहे. प्रेक्षक रडले म्हणजे माहितीपट जमला, असं त्या वयात वाटू शकतं. मग रडण्याची जागा तेवढी ठेवायची, वर करुण संगीत घालायचं, की झालं! पण त्या मुलाखतींत युद्धाआधीचं घर असतं, शाळा असते, सणवार असतात. नंतरचं लग्न, मुलंबाळंही असतात. शेवटी जुने फोटो कॅमेऱ्यासमोर धरले जातात. हे सगळं गाळलं तर उरतं ते फक्त सोसणारं शरीर. मारणाऱ्यांनाही तिच्यात माणूस दिसत नव्हताच. आपणही तेच करायचं का?

मग कात्री काढूनच घ्यावी? मला तसं वाटत नाही. १९४४ साली नाझींनी टेरेझिनच्या वस्तीत एक प्रचारपट काढला. आजच्या चेक प्रजासत्ताकातलं हे गाव. काम कुर्ट गेरॉन या ज्यू कैदी दिग्दर्शकाकडून सक्तीनं करून घेतलं. त्यात फुटबॉल आहे, बागेला पाणी घालणं आहे, मुलांचं संगीत नाटक आहे. चेहरे खरे, माणसं खरी, आणि सगळं मिळून धादांत खोटं. चित्रीकरण उरकल्यावर गेरॉनसकट त्यांतल्या अनेकांना आउश्वित्झला पाठवलं, आणि तिथे गेरॉन मारले गेले.

खऱ्या तुकड्यांतून खोटं कसं शिवतात, हे नुसतं वाचून कळत नाही. स्वतः कापायला बसलं की कळतं. एक वाक्य इकडचं तिकडे केलं की अर्थ फिरतो. बोलता बोलता ती बाई थांबते, तो क्षण काढून टाकला की तिला उत्तर सहज सुचलं असं वाटतं. हे एकदा हाताला कळलं, की ते पोर दुसऱ्याचा व्हिडिओही सावधपणे पाहील.

म्हणून कात्री द्यावी, पण अटीवर. आधी मुलाखत पूर्ण ऐकायची. आणि कापून झाल्यावर स्वतःला विचारायचं, ती बाई शेजारी बसून हे पाहत असती, तर 'हो, हे माझंच बोलणं' म्हणाली असती का?

आपल्या घरांतही एकीचं अर्धं वाक्य दुसरीला सांगून नाती तुटलेली आपण पाहिली आहेत. आता तर हातोहाती फोन आहेत आणि दर मिनिटाला कुणाचं तरी कापलेलं बोलणं पुढे जातंय. आपल्या मुलींना पुढे पाठवायला कुणी शिकवावं लागत नाही. आधी पूर्ण ऐकायचं, हे मात्र शिकवावं लागेल.