जाऊ द्यावे की अडवावे?

अंधेरी-बोरिवलीच्या आपल्या धर्मग्रामांत एखादा तरुण पुढे येतो, चार जणांना जमवतो, धीटपणे बोलू लागतो. आपण त्याची पाठ थोपटतो. मग एके दिवशी तो झोपड्या पाडण्याविरुद्धच्या मोर्चात उभा राहतो, पोलीस ठाण्यात त्याचे नाव लिहिले जाते, आणि आई-वडील येऊन सांगतात, "फादर, तुम्हीच त्याला समजवा." अशा वेळी मार्गदर्शकाचे कर्तव्य कोणते?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरत. या महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद होती. १९५० साली कायदेमंत्री असताना बाबासाहेब तिच्यापुढे हिंदू कोड बिलावर बोलले. मला त्या भाषणाहून ती संसद अधिक मोलाची वाटते. संसद म्हटली की विरोधी बाक आलेच! ज्याने विद्यार्थ्यांना संसद दिली, त्याने आपल्याशी मतभेद करण्याची रीतही त्यांच्या हाती दिली. आपल्या युवक मंडळांत आपण बहुधा आभारप्रदर्शन शिकवतो.

अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या महाविद्यालयांपुढे हाच प्रश्न अधिक कठोरपणे उभा राहिला. अटलांटाच्या मोरहाऊस महाविद्यालयाचे प्रमुख बेंजामिन मेझ हे भारतात येऊन गांधीजींना भेटून गेलेले गृहस्थ. दर मंगळवारी सकाळी ते विद्यार्थ्यांशी बोलत. १९४४ मध्ये पंधरा वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंग त्या श्रोत्यांत येऊन बसला. १९५६ च्या फेब्रुवारीत माँटगोमेरीच्या बस-बहिष्कारामुळे त्याच्यावर अटकेची पाळी आली. घरावर बाँब आधीच पडला होता. वडिलांनी अटलांटातील वडीलधाऱ्यांना घरी बोलावले. त्याने परत जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. जाणे भाग आहे, असे मार्टिनने सांगितले, तेव्हा मेझ त्याच्या बाजूने बोलले. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. मेझ यांनी त्याला 'जा' म्हटले नव्हते. निर्णय शिष्याचा होता, गुरूने त्याला एकटे पडू दिले नाही, इतकेच. वडिलांचे भय हेही प्रेमच होते. अखेर तेही मुलाबरोबर माँटगोमेरीला गेले.

सर्वांनाच हे साधले नाही. १९६० मध्ये अलाबामा स्टेट महाविद्यालयाने निदर्शने करणाऱ्या नऊ विद्यार्थ्यांना काढून टाकले. महाविद्यालय राज्याच्या पैशावर चाले आणि गव्हर्नरचा दबाव होता. तेथील प्रमुखाला भ्याड म्हणणे सोपे आहे, परंतु संस्था बुडाली तर उरलेल्या शेकडो मुलांचे काय, हा त्याचा प्रश्न पोकळ नव्हता. तरीही त्या नऊ जणांना तो काय उत्तर देणार?

९ एप्रिल १९६८ रोजी मोरहाऊसच्या प्रांगणात त्र्याहत्तर वर्षांच्या मेझ यांनी एकोणचाळीस वर्षांच्या आपल्या विद्यार्थ्याला निरोप दिला. बारा वर्षांपूर्वीच्या त्या बैठकीत आपण 'थांब' म्हणालो असतो तर, हा विचार त्या वेळी त्यांच्या मनाला शिवलाच नसेल, असे मला वाटत नाही.