आपल्या हॉटेलची नोंद

चि. बाळ,


एसटी स्टँडसमोरच्या आपल्या हॉटेलवर तू विकिपीडियात लेख लिहिलास, तो दुसऱ्याच दिवशी कुणीतरी उडवला आणि तुझा पारा चढला. ज्यांनी तिथली मिसळ कधी तोंडात घातली नाही ते ठरवणारे कोण, असं तू विचारतोस. मला विचारशील तर, त्यांनी ती खाल्लेली नाही हेच बरं आहे. खाऊन ठरवायचं म्हटलं तर महाराष्ट्रातल्या एकेका तालुक्याच्या गावी 'जगात भारी' मिसळ निघेल. आपला तो बाब्या म्हणणाऱ्यांनी कोश भरून जाईल आणि वाचणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही.

तुझा मजकूर मी दोनदा वाचला. 'अप्रतिम चव', 'तीन पिढ्यांचा वारसा', 'तर्रीची झणझणीत परंपरा'. बाळा, हे हॉटेलच्या दारावर रंगवायचं लिखाण झालं. त्यात माहिती अशी दोनच ठिकाणी आहे, स्थापनेचं साल आणि संस्थापकांचं गाव. दोन्हींना आधार काय, तर 'मालकांनी सांगितलं'. मालक सज्जन आहेत, खोटं बोलणार नाहीत. पण उद्या कोल्हापुरातल्या कुणाला ते तपासून पाहावंसं वाटलं तर त्याने काय, गल्ल्यापाशी येऊन उभं राहायचं?

मी आयुष्यभर वाचनालयात नोकरी केली, कोशांची कपाटं झाडली, म्हणून सांगते. ज्ञानकोशकार केतकरांनी २३ खंड काढले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. तिथे कोणती नोंद घ्यायची हे संपादक ठरवत आणि ती त्या विषयातला जाणकार लिहीत असे. कागद, छपाई, खंडांची संख्या, सगळ्याला मर्यादा होती. अशा कोशात मिसळीच्या हॉटेलाचा विषय काढायची कुणाची छाती झाली नसती. विकिपीडियाला कागद लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं की तिथे काहीही चालावं. पण तिथे तर्कतीर्थही नाहीत. लिहिणारा कोण, त्याला किती कळतं, त्याचं मालकाशी नातं काय, कुणालाच ठाऊक नसतं. मग भरवसा कशावर ठेवायचा? तर ज्याचा त्या धंद्यात काडीचा स्वार्थ नाही अशा माणसांनी, छापून किंवा तशाच जबाबदारीने, त्या विषयावर नीट विस्ताराने आधी लिहिलेलं आहे का, यावर. उल्लेखनीयता म्हणतात ती एवढीच. मला ही कसोटी पटते. ती चवीचा निकाल देत नाही, मालकाचा अपमान करत नाही.

आणि हे तुझ्या एकट्याच्या वाट्याला आलेलं नाही. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी सप्टेंबर २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केप टाउनजवळच्या गुगुलेथू वस्तीतल्या 'म्झोलीज'वर छोटीशी नोंद केली होती. मटणाचं दुकान आणि खाण्याची जागा एकत्रच होती. आपण मांस निवडायचं आणि ते निखाऱ्यावर भाजून घ्यायचं. ती नोंद काही मिनिटांत उडवली गेली. सहसंस्थापकाची! मग मोठा वाद झाला, लोकांनी वर्तमानपत्रांतला मजकूर शोधून आणला आणि नोंद राहिली. ती वेल्स यांच्या नावावर तरली असं काही जण म्हणतात. थोडं खरंही असेल. पण त्या जागेवर आधी लिहिलं गेलं होतं म्हणून तरी आधार सापडले. तुझ्यापाशी काय आहे?

तू भिंतीवरच्या फोटोचा हवाला दिला आहेस, सिनेनट मालकाच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे तो. तो नको. मोठा माणूस येऊन जेवून गेला म्हणून जागा मोठी होत नाही. मुंबईत काळा घोड्याच्या 'वेसाइड इन'ची गोष्ट वेगळी. कवी अरुण कोलटकर तिथे वर्षानुवर्षं बसत, समोरचा चौक बघत, आणि २००४ साली आलेल्या 'काला घोडा पोएम्स'मधून तो चौक साहित्यात गेला. तिथे कवीचं काम आणि ती जागा वेगळी काढता येत नाहीत. आपल्या नटाने एक प्लेट खाल्ली आणि तो पुढच्या शूटिंगला गेला.

मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधलं इराणी हॉटेल 'ब्रिटानिया' घे. १९२३ सालचं. त्याच्याविषयी लिहायला बसलं की बेरी पुलाव दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात येतो. आधी इराणहून आलेले झोरोस्ट्रियन लोक येतात, गोदीशेजारी वसवलेला तो व्यापारी भाग येतो, दुसऱ्या महायुद्धात लष्कराने ताब्यात घेतलेली जागा येते, आणि सत्तरी-ऐंशी उलटली तरी टेबलाटेबलापाशी जाऊन गिऱ्हाइकाशी गप्पा मारणारे बोमन कोहिनूर येतात. ते २०१९ साली गेले तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले. पुलाव बेचव असता तरीही ही नोंद झाली असती, असं मी धाडसाने म्हणेन. दादरच्या 'आस्वाद'च्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये बक्षीस मिळालं तेव्हा आपल्याकडे केवढा गाजावाजा झाला, आठवतं ना? त्या बक्षिसाने नोंदीत एक चांगलं वाक्य येतं. अख्खी नोंद त्यावर उभी राहत नाही.

आता तुझ्या बाजूचं बोलते, कारण तिथे तुझं म्हणणं खरं आहे. मुंबईतल्या इराण्याच्या हॉटेलपासून वर्तमानपत्राची कचेरी चार पावलांवर असते. स्तंभलेखक तिथेच चहा पितो आणि काही सुचेना झालं की त्याच हॉटेलावर लिहितो. आपल्या गावचा वार्ताहर हॉटेलची बातमी देतो ती नव्या शाखेच्या उद्घाटनाची, आमदारांच्या फोटोसकट, आणि पान उलटलं की त्याच हॉटेलची जाहिरात. असलं कात्रण आधार म्हणून चालत नाही, आणि चालूही नये. शिवाय इंग्रजी विकिपीडियावर धंद्यांसाठीचा नियम असा आहे की नुसत्या गावच्या वर्तमानपत्रावर भागत नाही, निदान एक तरी आधार प्रांताच्या किंवा देशाच्या पातळीवरचा हवा. म्हणजे ज्यांच्यावर आधीच लिहिलं गेलं त्यांच्यावर आणखी लिहिलं जाणार, आणि बाकीचे कोरेच राहणार. हा अन्याय आहे. पण तो कोशाने केलेला नाही, आपण लिहिलं नाही म्हणून झालेला आहे.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका बघ. एकेका खोलीत वीस-वीस, तीस-तीस गिरणी कामगारांना दोन्ही वेळा जेवू घालत. पाटी नाही, परवाना नाही, मेन्यू नाही. त्यातल्या एकीच्याही खानावळीची नोंद कुठल्या कोशात होणार नाही. पण १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. मग त्यांच्यावर अभ्यास झाले, लेख आले, आणि आता तो विषय कोशात घेण्याजोगा झाला आहे. म्हणून कधी कधी एकटं हॉटेल सोडून देऊन त्याची जातकुळी धरावी. उडप्यांनी गावोगाव काढलेली हॉटेलं, स्टँडसमोरची हॉटेलं, बाजारच्या दिवसाची हॉटेलं. त्या नोंदीत आपल्या हॉटेलला एखादी ओळ मिळाली तर मला पुष्कळ वाटेल.

तेव्हा कोश बाजूला ठेव आणि मालकांच्या आईकडे जाऊन बस. त्या नव्वदीच्या घरात आहेत, आणि भट्टीवर कोळसा असल्यापासूनचं सगळं त्यांना पाठ आहे. रेकॉर्डिंग कर. पहिला आचारी कुठल्या गावचा, मसाला घरात कोण कुटत होतं, दुष्काळात फरसाण कुठून आणलं, एसटीच्या संपात गल्ल्यात किती पडायचे, हे विचार. नगरपालिकेत घरपट्टीचा जुना उतारा निघतो का बघ. सालाचा निकाल त्यावरून लागेल. आणि जे कुणी विचारत नाही तेही विचार. आत बाकावर कोण बसू शकत होतं आणि कोणाला बाहेर कप मिळायचा? तो कप वेगळा ठेवलेला असायचा का, आणि ते केव्हा थांबलं? माझ्या लहानपणी बायका आत बसत नसत, डब्यात रस्सा बांधून घरी आणायचा. पडदा लावलेली फॅमिली रूम नंतर झाली. मालक कदाचित नाराज होतील. पण या प्रश्नांची उत्तरं मिळाली तर तुझ्या हॉटेलवर वाचण्यासारखं काही लिहून होईल. तर्रीच्या रंगावर नाही होणार.

ते सगळं तुझ्या नावाने दिवाळी अंकाला किंवा रविवारच्या पुरवणीला पाठव. छापून आलं की तो एक आधार झाला. मात्र त्याच्या जोरावर स्वतःच नोंद करू नकोस, दुसऱ्या कुणाला करू दे. तोवर गावाच्या लेखात दोन ओळी घालता येतील, आधार देऊन. आणि जुन्या दरफलकाचा स्वतः काढलेला फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या भांडारात, चढव, त्याला कुणी हरकत घेणार नाही.

एक मात्र आजच कर. पैसे घेऊन 'तुमचं विकिपीडिया पेज करून देतो' म्हणणारे लोक फिरत असतात. तुझा लेख उडाल्याचं गावात कळलंच असेल, तेव्हा ते मालकांना फोन करतील. असली नोंद कुणी ना कुणी शोधून काढतो आणि ती पुन्हा उडते. दिलेले पैसे परत येत नाहीत. एक रुपयासुद्धा देऊ नका, असं मालकांना बजावून सांग.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या