डोळ्यांचे चित्र

ता. ५ जून २०२३ रोजी अमेरिकेतील ॲपल कंपनीने ‘व्हिजन प्रो’ नामक डोळ्यांवर बांधावयाचे यंत्र जाहीर केले. किंमत ३,४९९ डॉलर. ते घातले असता आपल्याच खोलीत हवेत तरंगणारी चित्रे दिसतात. याचे आम्हांस फारसे नवल वाटले नाही. नवल वाटले ते पुढील काचेचे. कोणी जवळ आले म्हणजे तीवर घालणाऱ्याचे डोळे दिसतात; परंतु ते डोळे नव्हेत, अगोदर टिपलेल्या चेहऱ्यावरून यंत्राने रचलेले चित्र होय. त्या प्रसंगी दाखविलेल्या चित्रपटात एक बाप हे यंत्र घालून आपल्या लेकरांचा खेळ टिपीत आहे. वाचकहो, बापाची नजर लेकरांवरच होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यांनी खेळता खेळता वर पाहिले, तेव्हा त्यांस काय मिळाले?